पोस्तमांची समुद्रसपाटी

सीब्रन पोस्तमांनी नोकरीची सगळी वर्षं एकच काम केलं, पाणी जागेवर ठेवणं. लेउवार्डनच्या जलमंडळात ते पातळी-अधिकारी होते. कुठल्या कालव्यात पाणी किती असावं, कुठला पंप कधी सुरू करावा, हे त्यांच्या टेबलावर ठरायचं. पाणी दोन बोटं वर गेलं तर शेतकरी फोन करायचे, दोन बोटं खाली गेलं तर होडीवाले. ज्या दिवशी दोघांचेही फोन आले नाहीत, तो दिवस पोस्तमांच्या मते देशाच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहिण्यासारखा, पण लिहीत कोणी नसे. समुद्रापेक्षा खाली राहणाऱ्या माणसांना समुद्रसपाटी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पोस्तमांना मात्र ते सांगायला आवडायचं. वाढदिवसाला सगळे गोल करून खुर्च्यांवर बसले, की कॉफीचा दुसरा कप येण्याआधी ते समुद्रसपाटीवर यायचे. त्यामुळे त्यांच्या शेजारची खुर्ची नेहमी सगळ्यांत शेवटी भरायची.

अशा माणसाच्या स्वतःच्या घरात एक दिवस प्रत्येक खोलीची पातळी वेगळी झाली. याला दैवदुर्विलास म्हणतात, किंवा हार्म म्हणतात. हार्म म्हणजे पोस्तमांचा मेहुणा. तो पुढे येईलच, त्याला बोलवावं लागत नाही.

सुरुवात झाली वीत्स्केच्या खुब्यापासून. वीत्स्के म्हणजे सौ. पोस्तमा. तिचा उजवा खुबा बरीच वर्षं कुरकुरत होता. शरदात डॉक्टरांनी तो बदलला आणि नीट पावलं टाकता येईपर्यंत तिला गावाबाहेरच्या पुनर्वसन केंद्रात ठेवलं. तिथे नीन्के नावाची एक हसरी मुलगी तिला चालायला शिकवायची. नीन्के एकदा घर बघायला आली. दिवाणखान्यातल्या जाड तपकिरी गालिच्यावर तिने चाकांचा वॉकर ढकलून पाहिला आणि मान हलवली.

"काका, यात चाकं रुततात. हा सगळ्या घरातून काढायला लागेल. खाली कडक आणि सपाट पाहिजे, आणि उंबरठे नकोत. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत वॉकर कुठेही अडला नाही, तरच मी काकूंना घरी सोडायला हो म्हणेन."

"सपाट," पोस्तमा म्हणाले.

"हो, सपाट," नीन्के म्हणाली. आपण चुकीच्या माणसासमोर चुकीचा शब्द उच्चारला आहे, हे तिला कळायचं काही कारण नव्हतं.

संध्याकाळी पोस्तमा धुतलेले कपडे घेऊन केंद्रात गेले. वीत्स्केने सगळं ऐकून घेतलं. "गालिचा काढ," ती म्हणाली. "खाली काहीतरी साधंसं पसर. आणि मग थांब. सीब्रन, ऐकतोयस ना? थांब."

पोस्तमांनी पहिली दोन वाक्यं ऐकली. लग्नाला इतकी वर्षं झाली, की नवरा बायकोची पहिली दोन वाक्यंच ऐकतो, आणि हा नियम सगळ्या पाणथळ आणि कोरड्या देशांत सारखाच आहे.

"आणखी एक," वीत्स्के पुढे म्हणाली. "महिनाअखेरीला ही खाट दुसऱ्या कुणाला द्यायची आहे. तोवर घर तयार नसेल तर मला द्राख्तनच्याही पुढे कुठल्या तरी शुश्रूषागृहात ठेवणार म्हणे. बस दोनदा बदलावी लागते." तिने धुतलेले कपडे मांडीवर ओढून घेतले. "मला तिकडे पाठवू नकोस."

वीत्स्के काही मागणाऱ्यांतली बाई नव्हती. लग्नानंतर तिने नवऱ्याकडे एक सायकल मागितली होती, तीही जुनी चोरीला गेली म्हणून. पोस्तमांना गहिवरून आलं की ते मोठ्याने बोलत.

"घर असं सपाट करतो, की समुद्राने येऊन बघावं."

"समुद्राला नको बोलावूस," वीत्स्के म्हणाली.

पोस्तमा राहायचे ती कालव्याकाठची जुनी इमारत, सगळी भाड्याची घरं. अशा घरांचा रिवाज असा, की जाणाऱ्या भाडेकरूने जमीन उखडून खालचं उघडं काँक्रीट परत द्यायचं. माणसं पडदे नेतात, दिवे नेतात, तशी जमीनही गुंडाळून नेतात. नेता आली नाही, तर जिन्याखाली कागद लावतात, 'उचलून न्या, फुकट.' फुकट ते पौष्टिक, ही गोष्ट त्या गावात पाळण्यातल्या पोरालाही पटते. पोस्तमांना तर पाळण्यातून उठून बरीच वर्षं झाली होती. एका आठवड्यात त्यांनी ग्रोनिंगनला निघालेल्या एका मास्तरांच्या ओकच्या फळ्या आणल्या, आणि एका दंतवैद्यांच्या घरातल्या बुचाच्या लाद्या. तिसरा मासा सगळ्यांत मोठा होता. पलीकडच्या गल्लीतली प्राथमिक शाळा बंद झाली होती, आणि तिच्या व्यायामशाळेत जमिनीवर अंथरलेलं हिरवं लिनोलियम पडून होतं. पोस्तमांना त्यातलं फक्त प्रवेशाच्या बोळापुरतं हवं होतं. शाळेच्या रखवालदाराने अट घातली, न्यायचं तर सगळं न्या. नाही म्हणायला पोस्तमांची जीभ रेटेना. गुंडाळी घरी आणून जरा उलगडून पाहिली तेव्हा कळलं, की त्यावर खेळाच्या मैदानांच्या लाल, पिवळ्या, पांढऱ्या रेघा जशाच्या तशा आहेत.

पोस्तमांची तळघरातली खोली फळ्यांनी भरली होती, म्हणून ती अजस्र गुंडाळी फेन्नाबाईंच्या खोलीत गेली. फेन्नाबाई दे युर म्हणजे बरोब्बर खालच्या मजल्यावरच्या शेजारीण. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसल्या होत्या. यंत्र गेलं, कान राहिले. नवरा वारल्यापासून त्या एकट्या असत, आणि पोस्तमांचं घर हे त्यांचं छत असल्यामुळे त्या छतावर त्यांचं बारीक लक्ष असे. केरसुणीच्या दांड्याने त्या खालून ठोकत. एक ठोका म्हणजे खुर्ची ओढू नका. दोन ठोके म्हणजे बूट काढा. तीन ठोके म्हणजे मी वर येते आहे. वरच्या मजल्यांवर कडक जमीन घालायची तर खाली आवाज दाबणारा जाड थर हवा आणि खालच्या माणसाची संमती हवी, असा गृहसंस्थेचा नियम होता. म्हणून पोस्तमा एका सकाळी खाली गेले. फेन्नाबाईंनी कॉफी दिली, बिस्किटांचा डबा उघडला, पोस्तमांनी एक घेतल्यावर झाकण लावलं, आणि मग मुद्द्याचं बोलल्या.

"थर किती जाड घालणार?"

"नियमात आहे तेवढा."

"त्याहून जाड घाला. अहो पोस्तमा, तुम्ही चालता तेव्हा माझ्या कपाटातल्या बश्या बोलतात. आणि ती तुमची हिरवी गुंडाळी लवकर हलवा. माझी सायकल तिच्यामागे अडकली आहे."

संमती मिळाली, दुसरं बिस्किट मिळालं नाही. ते तिथे कुणालाच मिळत नाही, म्हणून पोस्तमांना त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते बश्यांचं.

आता हार्म. हार्म हा वीत्स्केचा धाकटा भाऊ, निवृत्त बसचालक. त्याने आपण होऊन नात्यातल्या निम्म्या घरांच्या जमिनी घातल्या होत्या, आणि म्हणून निम्म्या नात्यात त्याला वाढदिवसाला बोलवत नसत. कामातलं त्याचं तत्त्व एकाच शब्दाचं होतं, 'बघू'. आल्या आल्या त्याने ओकच्या फळ्या दिवाणखान्यात रचल्या आणि म्हणाला, "आता चार-पाच दिवस हात लावायचा नाही. लाकडाला घराची सवय व्हायला लागते."

"फेन्नाबाई इतकी वर्षं खाली राहतात, त्यांना अजून झाली नाही."

"त्या ओकच्या नाहीत," हार्म म्हणाला.

लाकूड सवय करून घेत होतं तेवढ्यात पोस्तमांनी गालिचा उखडला, आणि आतला पातळी-अधिकारी जागा झाला. एका लांब पारदर्शक नळीत त्यांनी नळाचं पाणी भरलं. एक टोक हार्मच्या हातात देऊन त्याला झोपायच्या खोलीत उभं केलं, आणि दुसरं टोक घेऊन आपण दिवाणखान्यात कालव्याकडच्या बाल्कनीच्या दाराशी गेले. पाणी खोटं बोलत नाही. पाण्याने सांगितलं, की हे घर कालव्याकडे चांगलं तीन बोटं कललेलं आहे. वीत्स्केच्या हातून सुटलेला लोकरीचा गुंडा दरवेळी बाल्कनीच्या दारापाशी का सापडतो, याचा पोस्तमांना त्या क्षणी उलगडा झाला. आपण इतकी वर्षं उतारावर संसार केला, या विचाराने ते खाली बसले.

"हे घर वाकडं आहे, हार्म."

"नाचता येईना, अंगण वाकडं."

"अरे, पण अंगण खरंच वाकडं आहे. हे बघ पाणी."

"असेना," हार्म म्हणाला. "अख्खी इमारत वाकडी असेल. दलदलीवर बांधलीय, खचणारच. कुणाची कॉफी सांडली का आजवर?"

दुसऱ्या कुणी इथे जमिनीवर जमीन टाकली असती आणि विषय संपवला असता. पण ज्याने सारा प्रांत समपातळीत ठेवला त्याने स्वतःच्या बायकोला उतारावर चालायला लावायचं, हे पोस्तमांच्या मनाला पटेना. त्यांनी पाण्याच्या नळीने सगळ्या घराच्या भिंतींवर गुडघ्याच्या उंचीला एक पेन्सिलची रेघ मारली. ही रेघ खरीखुरी आडवी, समुद्राला समांतर. सगळ्या जमिनी तिच्यापासून मोजायच्या. कालव्याकडे खाली आवाज दाबणारे थर एकावर एक तीन घालायचे, मध्ये दोन, झोपायच्या खोलीत एक. दिवाणखान्यात वर ओक, झोपायला बूच, बोळात लिनोलियमचा एक तुकडा. घर समपातळीत, फेन्नाबाई शांत, वीत्स्के घरी. कागदावर हे इतकं सुंदर दिसत होतं, की पोस्तमांनी तो कागद केंद्रात नेऊन बायकोला दाखवण्याचा मोह मोठ्या कष्टाने आवरला. तिच्यासाठी ती गंमत होती. तिने "घर कसं आहे?" असं विचारलं की ते नुसते "वर येतंय" म्हणायचे, आणि वीत्स्के डोळे मिटून घ्यायची.

गंमत अशी झाली. रेघेपासून मोजताना पोस्तमा जमिनीच्या वरच्या कडेपर्यंत मोजत होते, आणि हार्म खालच्या. हे दोघांपैकी कुणीही कुणाला विचारलं नाही, कारण दोघांनाही मोजता येत होतं. त्यामुळे हार्मने घातलेला दिवाणखाना पोस्तमांनी घातलेल्या झोपायच्या खोलीपेक्षा एका फळीने उंच झाला. बोळ त्या दोघांच्या मध्ये, कुणाचाच नसल्यासारखा. बाल्कनीचं दार आतल्या बाजूला उघडायचं, ते आता उघडेना, आणि बाहेर वाळत घातलेले पोस्तमांचे दोन शर्ट बाहेरच राहिले. झोपायच्या खोलीचं दार जमिनीला घासू लागलं, तेव्हा हार्मने ते बिजागऱ्यांवरून काढून आडवं ठेवलं आणि कापलं. बसवल्यावर दिसलं, की कापलं आहे ते वरून.

"हवा खेळती राहील," हार्म म्हणाला, आणि मग खालूनही कापलं.

न्हाणीघराची फरशी मात्र कुणाला उचलता येत नव्हती. ती होती तिथेच राहिली, म्हणजे बाकीचं घर वर आल्यावर ती चांगली चार बोटं खाली गेली. न्हाणीघरात आता जायचं नसून उतरायचं होतं. या सगळ्या दिवसांत खालून ठोके येतच होते. पहिल्यांदा एक एक आले, मग दोन दोन, आणि शेवटच्या दुपारी तीन आले. पोस्तमांनी दार उघडायची तयारी केली, पण फेन्नाबाई वर आल्या नाहीत. पोस्तमांना ते फार गंभीर वाटलं.

दुसऱ्या दिवशी नीन्के आली. तिने वॉकर पलंगापाशी ठेवला आणि ढकलला. बोळाच्या दारात तो धडकला. तिने तो उचलून पुढे ठेवला, दिवाणखान्याच्या दारात तो पुन्हा धडकला. मग ती न्हाणीघराच्या दाराशी गेली, खाली बघितलं, आणि वॉकर भिंतीला लावून ठेवला.

"पण पातळी बघा," पोस्तमा घाईघाईने म्हणाले. "ही रेघ बघा. दिवाणखाना समुद्राला समांतर आहे. अख्ख्या इमारतीत एवढी सपाट जमीन नाही."

"काका," नीन्के मऊ आवाजात म्हणाली, "काकूंना समुद्रात नाही जायचंय. त्यांना न्हाणीघरात जायचंय." ती हसली नाही, आणि ते पोस्तमांना जास्त लागलं. "मी असं नाही सोडू शकत त्यांना. परवा सकाळी गाडी येणार आहे. तोवर काही झालं तर मला फोन करा, मी लगेच येते. नाहीतर गाडी द्राख्तनकडे जाईल."

पोस्तमांनी वीत्स्केला फोन केला. काय झालं ते सगळं सांगितलं, रेघेसकट. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "तिकडे माझी निळी शाल घेऊन ये. थंडी असेल." फोन ठेवल्यावर पोस्तमा ओकच्या जमिनीवर बसले. हार्म शेजारी बसला. त्याने 'बघू' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला ओळखणारी माणसं सांगतात, की असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. फेन्नाबाई ठोका न देता वर आल्या होत्या. हातात केरसुणी मात्र होती, सवयीने.

"कधी येतेय ती?"

"येत नाही, फेन्नाबाई."

त्या आत आल्या. बोळाच्या कडेला अडखळल्या, दिवाणखान्यात चढल्या, वरून कापलेल्या दाराकडे बघितलं, न्हाणीघरात डोकावल्या. मग हार्मकडे वळल्या. "हे तुमचं?"

"दोघांचं," पोस्तमा म्हणाले. इतकं चांगलं ते मेहुण्याविषयी यापूर्वी कधी बोलले नव्हते.

"उखडा," फेन्नाबाई म्हणाल्या. "सगळं उखडा. थरबिर काही नको. ती हिरवी गुंडाळी माझ्याकडे पडली आहे, ती सगळ्या घरभर एकसलग अंथरा, काँक्रीटवर थेट. न्हाणीघराच्या फरशीला बरोबर येते. सायकल काढताना तिची जाडी बघितली आहे मी, आणि न्हाणीघरं आपली सारखीच."

"अहो, पण थर नसेल तर तुम्हाला एकेक पाऊल ऐकू येईल. नियमच आहे तसा."

"नियम कुणाच्या कानांसाठी आहे? माझ्याच ना?"

फेन्नाबाईंनी केरसुणी भिंतीला टेकवली आणि ओकच्या जमिनीवर उभं राहूनच बोलल्या, जरा चिडल्यासारख्या.

"वीत्स्केचं पाऊल मला पाठ आहे. एक जड, एक हलकं, त्या खुब्यामुळे. सकाळी ती स्वयंपाकघरात गेली की मी कॉफी ठेवते. आमचे हे गेले त्या हिवाळ्यात मला उठावंसंच वाटायचं नाही. वर ती उठायची, म्हणून मी उठायचे. आता ती गेल्यापासून वर नुसता हत्ती फिरतोय. माझी कॉफी कधी सातला होते, कधी दहाला. काल तीन ठोके दिले ते तेवढ्यासाठीच, ती कधी येते ते विचारायला. पण जिन्यापर्यंत येऊन परत गेले. म्हटलं, नाही म्हणालात तर काय करू."

"मग इतकी वर्षं ठोकत का होता?" पोस्तमांनी विचारलं.

"न ठोकता वर कसं कळणार, की खाली कोणी आहे म्हणून?"

पोस्तमांनी समुद्राविषयी पुष्कळ वाचलं होतं, पण आपल्या पायांखाली एका हाताच्या अंतरावर काय आहे, हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं. त्यांनी फेन्नाबाईंचा हात धरला आणि "फार उपकार झाले" असं म्हणाले. त्या गावात हे म्हणजे गळ्यात पडून रडण्यासारखंच आहे. फेन्नाबाईंनी हात सोडवून घेतला आणि फोन कुठे आहे ते विचारलं.

गृहसंस्थेला फोन त्यांनीच लावला. एक्स्चेंजमधला आवाज अजून शाबूत होता. पलीकडच्या कारकुनाने सांगितलं, की आवाज दाबणाऱ्या थराशिवाय परवानगी देता येणार नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही.

"तक्रार कुणी करायची असते?" फेन्नाबाईंनी विचारलं.

"खालच्या भाडेकरूने."

"मी खालची भाडेकरू. मी तक्रार करणार नाही."

मग कारकून म्हणाला, "बाई, परवानगी मिळणार नाही. पण तक्रार आली नाही, तर आम्हाला काही कळायचंही कारण नाही. आणि हा फोन मी आत्ता घेतला, असं मला तरी आठवत नाही." या देशाचा अर्धा कारभार नियमाने चालतो आणि अर्धा चालवून घेण्यावर. पोस्तमांनी आयुष्यभर पहिल्या अर्ध्या भागात नोकरी केली होती. दुसऱ्या भागाशी त्यांची आज ओळख झाली, आणि ती त्यांना आवडली.

मग फेन्नाबाई जिन्यात उभ्या राहिल्या आणि केरसुणीने कठडा बडवला. सगळ्यांत वरच्या मजल्यावरचे दोन विद्यार्थी आले, समोरच्या घरातले नवरा-बायको आले, आणि पोस्तमांना जिन्यात नुसती मान डोलवणारे आणखी एक गृहस्थही आले, त्यांचं नाव पोस्तमांना त्या दिवशी कळलं. कुणी बुचाच्या लाद्या उचलल्या, कुणी ओकच्या फळ्या. त्या फळ्यांना नुकती कुठे या घराची सवय होत होती. समोरच्या बाईंनी वाटाण्याचं दाट सूप आणलं, ते सगळ्यांनी उभ्याउभ्या प्यायलं. हार्म लिनोलियमची गुंडाळी खांद्यावर घेऊन जिना चढला. ती उलगडताना रेघा कशा येतील असं कुणीतरी विचारलं, तर तो म्हणाला, "बघू." या वेळी त्याला कुणी काही बोललं नाही.

जमीन काँक्रीटवर थेट बसली, काँक्रीट कललं होतं तशीच कलली. पोस्तमांनी उंबरठे स्वतःच्या हातांनी काढले. भिंतीवरची आडवी रेघ तशीच होती, आणि हिरवी जमीन तिच्यापासून सावकाश दूर होत कालव्याकडे उतरत होती. पोस्तमांनी तिच्याकडे एकदा बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा उतरणाऱ्या गोष्टीला उतरू दिलं.

फोन गेल्यावर नीन्के दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी आली. तिने पलंगापासून वॉकर ढकलला. तो बोळातून न्हाणीघरापर्यंत कुठेही न अडता गेला. मग दिवाणखान्यात आणून तिने त्याचा हात सोडला, तर तो आपला आपण निघाला आणि बाल्कनीच्या दाराशी जाऊन थांबला.

"घर जरा वाकडं आहे," पोस्तमा हळूच म्हणाले.

"उभं राहिलं की ब्रेक लावायचा, म्हणजे झालं," नीन्के म्हणाली. मग जमिनीकडे बघून ती खूप हसली. व्यायामशाळेतली एक लाल रेघ बरोब्बर पलंगापाशी सुरू होऊन, बोळातून वळण घेत, न्हाणीघराच्या दाराशी संपत होती. "काका, हे तर उत्तमच केलंत. अशी रेघ धरून चालायचाच व्यायाम आहे त्यांना. हे कुणाला सुचलं?"

हार्मने खिडकीबाहेर बघितलं. "मेहुण्याला," पोस्तमा म्हणाले.

गाडी द्राख्तनकडे गेली नाही. ठरलेल्या सकाळी वीत्स्के तिच्यातूनच घरी आली. दारात उभी राहून तिने सगळीकडे नजर फिरवली. हिरवी जमीन बघितली, लाल, पिवळ्या, पांढऱ्या रेघा बघितल्या, वरून आणि खालून कापलेलं दार बघितलं, बाल्कनीत थंडीने कडक झालेले दोन शर्ट बघितले. निळी शाल तिच्या खांद्यावर होती. तिने वॉकरचं पुढचं चाक एका पांढऱ्या रेघेवर नेलं.

"सीब्रन, मी आता मैदानात आहे की बाहेर?"

"आत," पोस्तमा म्हणाले. गहिवर तोच होता, पण या वेळी ते हळू बोलले. "आत आहेस. मी काही केलं नाही. सगळं बाकीच्यांनी केलं. फेन्नाबाईंनी केलं."

"मी सांगितलं होतं थांब म्हणून," वीत्स्के म्हणाली, आणि त्यांच्या दंडावर डोकं टेकून जरा वेळ उभी राहिली. तेवढ्यात वॉकर निघून गेला, तो पोस्तमांना बाल्कनीपाशी जाऊन आणावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्तमा स्वयंपाकघरात उभे राहून साखरपाव कापत होते. वीत्स्के उठली. लाल रेघ धरून बोळातून निघाली. चाकं, मग एक जड पाऊल, मग एक हलकं. नवा खुबा बसवूनही जुनी चाल गेली नव्हती. खाली थर नव्हता, त्यामुळे पाऊल अन् पाऊल घरभर वाजत होतं. ती स्वयंपाकघराच्या दाराशी पोचली, आणि खालून आवाज आला. ठक, ठक, ठक.

पोस्तमांच्या हातातली सुरी थांबली. दुसऱ्या ठोक्यालाच त्यांनी सवयीने पायांतले बूट काढायला एक पाय वर उचलला होता. वीत्स्केने वॉकर जरासा उचलून जमिनीवर तीनदा आपटला.

आवाज दाबणारा थर नसला की आवाज दोन्हीकडून येतो, हे पोस्तमांच्या आजवर कधी लक्षात आलं नव्हतं. खालचा नळ सुरू झाल्याचं त्यांना स्वच्छ ऐकू आलं. मग किटली शेगडीवर ठेवल्याचं, आणि मग बिस्किटांच्या डब्याचं झाकण उघडल्याचं. त्यांनी कान देऊन बराच वेळ वाट बघितली, पण झाकण लावल्याचा आवाज काही आला नाही.

"फेन्नाने कॉफी ठेवली," वीत्स्के म्हणाली. "हळूहळू उतरू आपण. तू आधी पाव खा."

पोस्तमांनी आपली खुर्ची दोन्ही हातांनी उचलली. मग पुन्हा खाली ठेवली, आणि जमिनीवरून चांगली खर्र करून ओढत टेबलाशी आणली. खालून लगेच एक ठोका आला, आणि पोस्तमा समाधानाने खुर्चीत बसले.